भांडण दिसतं, समेट दिसत नाही

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जणी दर गुरुवारी दुपारी बसतो. कुणाला पोटगीचा अर्ज लिहून हवा असतो, कुणाला नुसतंच मन मोकळं करायचं असतं. त्या दिवशी एक तिशीतली बाई आली. छत्री दाराशी टेकवली आणि बसायच्या आधीच पर्समधून मोबाईल काढला. म्हणाली, "ताई, आता कोर्टात रेकॉर्डिंग चालतं म्हणे. ऐका तरी, हे माझ्याशी कसे बोलतात ते."

तिने ते लावलं. नवऱ्याचा चढलेला आवाज, मधूनमधून तिचा, मग काहीतरी आपटल्याचा आवाज. भांडण हप्त्याच्या पैशावरून सुरू झालं होतं आणि एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोचलं होतं. "हे ऐका, आता हे ऐका," असं ती प्रत्येक वाक्याला सांगत होती. माझं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं. त्या सगळ्या आरडाओरड्याच्या अलीकडे, अगदी फोनला लागून, एक बारीक आवाज येत होता. "बास... बास... बास..."

मी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

तिने पुन्हा लावून ऐकलं. मग जरा वेळाने म्हणाली, "धाकटा आहे. त्यालाच सांगितलं होतं, पप्पा ओरडायला लागले की कॉटखाली जाऊन बटण दाबायचं."

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला. आणि तिने ते रेकॉर्डिंग त्याआधी आठ-दहा वेळा ऐकलं होतं.

मैत्रिणींनो, या बाईला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. भांडणात आपण सगळ्याच अशा बहिऱ्या होतो. समोरच्याचा शब्दन् शब्द ऐकू येतो, पण कॉटखालचं मूल ऐकू येत नाही.

बातमी एक, चर्चा दुसरीचीच

तिच्या डोक्यात हे रेकॉर्डिंग कुठून आलं, तेही सांगते. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. नवरा-बायकोने एकमेकांचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलेलं असलं, तरी त्यांच्या आपसातल्या खटल्यात ते पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल, असा त्याचा अर्थ. त्यावर भिशीत, हळदीकुंकवात, व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर चर्चा झाली. जोडीदारावर पाळत ठेवण्यापर्यंत गोष्टी गेल्या असतील, तर ते नातं आधीच मोडकळीला आलेलं असतं, असंही न्यायालयाने म्हटलं होतं. ते मात्र फार कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्याच जुलै महिन्यात त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. माझ्या मते आपल्यासाठी तो जास्त महत्त्वाचा. लहानपणापासून आईजवळ वाढलेल्या एका मुलाचा ताबा ऑगस्ट २०२४ मध्ये वडिलांकडे देण्याचं ठरलं होतं. त्यानंतर मुलाची मानसिक अवस्था खालावत गेली आणि तसे डॉक्टरांचे अहवाल आले. तेव्हा न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने न्यायालयाचा तोच निर्णय फिरवला आणि मुलाला आईजवळ ठेवलं. वडिलांच्या भेटी चालू राहतील असं सांगितलं, मुलाचं समुपदेशनही चालू ठेवायला सांगितलं.

देशातलं सर्वांत मोठं न्यायालय मुलाच्या मनासाठी आपला निर्णय बदलतं. आपण घरात काय करतो? "लहान आहे, त्याला काय कळतंय," एवढं म्हणून मोकळे होतो. ज्या घरातलं भांडण कोर्टापर्यंत कधीच जात नाही, त्या घरातल्या मुलाच्या मनाचा अहवाल कोण देणार?

त्याला काय कळतंय?

खरं तर त्याला बरंच कळतं. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने ते एक वर्षाची वीस बाळं झोपेत असताना त्यांच्या मेंदूच्या हालचालींची नोंद घेतली. झोपेतच त्यांना काही निरर्थक वाक्यं वेगवेगळ्या सुरात ऐकवली. कधी साध्या, कधी आनंदी, तर कधी रागावलेल्या. ज्या घरांत आईवडिलांची भांडणं जास्त होती, तिथल्या बाळांच्या मेंदूत ताण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांत रागावलेल्या आवाजाला जास्त हालचाल दिसली. बाळ गाढ झोपलेलं होतं, वाक्यांना अर्थही नव्हता. तरी नुसता सूर आत पोचत होता. अभ्यास छोटा आहे, पण "बाळ झोपल्यावर भांडू" म्हणणाऱ्यांनी विचार करावा असा आहे.

जरा मोठ्या मुलांबद्दल मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये 'भावनिक सुरक्षितते'चा विचार मांडला. त्याचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर असं. मूल झोपाळ्यावर बसलेलं असतं. झोपाळ्याच्या कड्या म्हणजे आई आणि बाप. कडी करकरली की मूल खेळणं सोडून वर बघायला लागतं. आता तुटेल का, मी पडेन का, एवढंच त्याच्या मनात असतं. भांडण कुणाचं चूक आणि कुणाचं बरोबर, हा प्रश्न त्याचा नसतोच. त्याचा प्रश्न एकच असतो, "माझं घर राहील ना?"

हे त्याला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते अंगावर निघतं. आमच्याकडे येणाऱ्या आया काय सांगतात, बघा. चार वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरुणात शू करायला लागला. बालवाडीत जायच्या वेळेला रोज पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. मुलगी नखं कुरतडते, झोपेत दचकते, आई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर बसून राहते. कुणी दृष्ट काढतं, कुणी गंडा बांधतं. या तक्रारींना दुसरी कारणंही असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण तपासून काही निघालं नाही, तर एक प्रश्न स्वतःलाही विचारा. गेल्या महिन्यात आपल्या घरात आवाज किती वेळा चढला?

आणखी एका प्रकारच्या मुलांकडे आपलं लक्षच जात नाही. ती म्हणजे फार शहाणी मुलं. हट्ट नाही, रडणं नाही, बापाची चाहूल लागली की पसारा आवरून ठेवणारी, आईचे डोळे पुसणारी. शेजारणी म्हणतात, "किती समजूतदार आहे हो!" पाच वर्षांचं मूल एवढं समजूतदार झालं, तर मला काळजीच वाटते. ते घरातली हवा सांभाळायची नोकरी करत असतं.

पदराची गाठ

हे सगळं मी पुस्तकातून शिकले असं नाही. माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट आहे. धाकट्या दिरांना मला न विचारता पैसे दिले, यावरून माझं आणि ह्यांचं वाजलं. रागाच्या भरात मी म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीने मी माहेरी जाते. सांभाळा तुमचं घर." दुसऱ्या दिवशी अर्थातच मी कुठे गेले नाही. आरडाओरडाही पुन्हा झाला नाही. पण अबोला सुरू झाला. आमच्या दोघांच्या मध्ये मुलगी टपाल वाहायची. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईला सांग, मला उशीर होईल." ओरडाओरडा नाही म्हणजे मुलीला त्रास नाही, अशी माझी पक्की समजूत.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठायला गेले तर पदर ओढला गेला. बघते तर तिने रात्री कधीतरी माझ्या पदराला आपल्या फ्रॉकच्या मागच्या पट्ट्याची गाठ मारून ठेवलेली. मी एसटीला निघाले असते तर तिला कळावं म्हणून!

माझ्या दृष्टीने ते वाक्य रागातलं होतं, संपलं होतं. तिच्यासाठी ती एसटी रोज सकाळी येत होती. आणि आमचं मिटलं तेही तिला कळलं नव्हतं, कारण आम्ही तिला ते कधी दाखवलंच नाही. रात्री ती झोपल्यावर आम्ही बोललो, दोघंही हसलो, प्रकरण संपलं. भांडण तिच्यासमोर आणि समेट तिच्यामागे!

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. भांड्याला भांडं लागणारच. संसारात मतभेद नसतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कमिंग्ज यांच्या अभ्यासांतही हेच दिसून आलं की मुलांना भांडणापेक्षा न मिटलेलं भांडण जास्त छळतं. मिटलेलं दिसलं की त्यांची घालमेल बरीच कमी होते. दारामागे मिटलं असेल तर निदान "मिटलं" असं सांगितलं, तरीही फरक पडतो. अबोला मात्र मुलांना भांडणासारखाच जाणवतो. आणि "काही नाही, आम्ही तर गप्पा मारत होतो," असं खोटं बोललेलं त्यांना कळतं.

मूल म्हणजे टपाल नव्हे, साक्षीदार नव्हे

हल्ली भांडणाची रूपंही बदलली आहेत. नवरा कामाला पुण्या-मुंबईकडे, ती मुलांना घेऊन गावी. मग भांडण फोनवर, तेही स्पीकर लावून, कारण हाताने पोळ्या लाटायच्या असतात. मूल शेजारीच अभ्यासाला बसलेलं असतं. व्हिडिओ कॉलवर "बघ तुझी आई काय करते," आणि इकडून "सांग तुझ्या पप्पांना". फोन ठेवला की बाप दिसेनासा होतो. मग मूल विचारतं, "पप्पा आता येणार नाहीत का?" समोरासमोरच्या भांडणात निदान संध्याकाळी दोघं एका घरात दिसतात. फोनवरच्या भांडणात तेही नाही.

एकत्र कुटुंबात आणखी एक गंमत होते. भांडण दोघांचं, पण आजी विचारते, "तू कुणाच्या बाजूचा?" आपण हसतो. मुलाला मात्र तेव्हा घशाशी येतं. एकाच्या बाजूला गेलं की दुसरा हातून जातो असं त्याला वाटतं. तरी याच घरांत एक मोठा आधारही असतो. आवाज चढला की नातवाला कडेवर घेऊन अंगणात जाणारी आजी, "चल, दुकानात जाऊ," म्हणणारा काका. एक जरी शांत माणूस जवळ असलं, तरी मूल तगून जातं. आजीबाईंनो, न्यायनिवाडा नंतर करा, आधी नातवाला उचला.

पण जिथे हात उठतो तिथे?

इथे मला फार स्पष्ट बोलायचं आहे. वर जे समेटाचं म्हटलं, ते मतभेदांबद्दल. मारहाणीबद्दल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे दहातल्या जवळपास तिघी. त्यांच्या घरांतल्या लेकरांचा आकडा आपण मनातच धरायचा.

अशा बाईला आपण सगळ्या मिळून काय सांगतो? "लेकरांकडे बघून सहन कर." मीही पूर्वी हे सांगितलं आहे आणि आज त्याची लाज वाटते. लेकरांकडे खरंच बघितलं, तर उलटंच सांगावं लागेल. आईला मार खाताना बघणं ही मुलाला झालेली दुखापतच आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत बालपणीच्या आघातांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईला होणारी मारहाण ही त्यांनी बालपणीच्या आघातांतच मोजली. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी व्यसनांचा, नैराश्याचा, हृदयविकारासारख्या आजारांचाही धोका वाढलेला दिसला. मार खाणाऱ्या आईने नवऱ्याशी 'गोड बोलून मिटवलेलं' दाखवलं, तर मूल समेट शिकत नाही, मार पचवायला शिकतं. किंवा मारायला.

म्हणून हे पाठ असू द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली संरक्षणाचा, राहत्या घरात राहण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचाही आदेश मिळू शकतो. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. अर्जाला मदत करायला संरक्षण अधिकारी असतात. स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात १९५६ पासून लिहिलेलं आहे. तेव्हा "पोर काढून घेईन" या धमकीने लगेच पाय लटपटू देऊ नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे नंबर कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा.

मग करायचं काय?

जिथे मारझोड नाही, नुसत्या कुरबुरी आणि चढलेले आवाज आहेत, तिथे आपल्याला बरंच काही करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिलं म्हणजे, दोन वाक्यं तोंडातून हद्दपार करायची. "मी निघून जाईन," आणि "तुझ्यामुळेच हे होतंय." पहिल्याने मुलाचं घर हलतं. दुसरं तर त्याला सांगावंच लागत नाही, लहान मुलं आपण होऊनच तसं समजतात. म्हणून उलट मुद्दाम सांगायचं, "आमचं भांडण झालं, त्यात तुझी काहीच चूक नाही. तू आमचा आहेस आणि कुणी कुठे जाणार नाही." वेगळं व्हायचं खरोखरच ठरलं असेल तर "कुणी जाणार नाही" असं खोटं सांगू नका. मग सांगायचं, "आम्ही दोघं वेगळे राहू, पण आई तुझीच आणि बाबाही तुझेच."

दुसरं, मुलाच्या हातून निरोप पाठवायचे नाहीत. बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहा, पण पोराला टपाल करू नका.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, भांडण मुलासमोर झालं असेल तर समेटही त्याच्यासमोर करा. फार काही लागत नाही. "मी जास्त बोललो, चुकलं," एवढं बापाने म्हणायचं, किंवा आईने. मुलांसमोर कमीपणा कशाला, असं वाटतं. पण त्या दिवशी ते मूल एक मोठी गोष्ट शिकतं, की माणसं रागावतात आणि तरीही एकमेकांना सोडून जात नाहीत. हे शाळेत शिकवत नाहीत.

ते बटण

आता त्या कॉटखालच्या मुलाचं सांगते. त्याच्या आईला मी रेकॉर्डिंग पुसून टाक असं म्हटलं नाही. पुरावा लागत असेल तर तो जमवायचा, पण ते काम मोठ्यांचं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात ते द्यायचं नाही, एवढंच तिच्याकडून कबूल करून घेतलं. हात उचलतात का, हे मी तिला एकटीला दोनदा विचारलं. नाही म्हणाली, वस्तू आपटतात. आमच्या खोलीत नवऱ्यासमोर बोलायला भीती वाटेल का, तेही विचारलं. मग पुढच्या गुरुवारी तिच्याच इच्छेने त्यालाही बोलावलं.

तो तयारीनेच आला होता. गुपचूप रेकॉर्ड केल्याचा राग, वर बायको काय काय बोलते याची यादी. मी म्हटलं, "दादा, तुमचं दोघांचं नंतर ऐकते. आधी याच्यातला तिसरा आवाज ऐका." पहिल्यांदा त्यालाही ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा आला. बराच वेळ तो खाली बघत होता. मग म्हणाला, "मला वाटायचं हा झोपलेला असतो."

त्यानंतर त्यांची भांडणं थांबली, असं मी सांगणार नाही. हप्ता अजून आहे, तंगी अजून आहे, रागही आहे. पण दिवाळीनंतर ती एकदा सांगत होती. रात्री वाजलं होतं. सकाळी दोघं ओट्यावर चहा घेत बसले आणि बापाने मुलाला जवळ बोलावून सांगितलं, "काल आम्ही भांडलो. आता मिटलं." मुलगा म्हणाला, "खरंच?" बाप म्हणाला, "खरंच." त्याने आईकडे बघून पुन्हा विचारलं, "खरंच मिटलं?" ती म्हणाली, "हो रे." तरी तिसऱ्यांदा विचारलंच. आणि मग चप्पल घालून खेळायला पळाला.

तीनदा विचारावं लागलं, बघा. एकदा गेलेला विश्वास परत यायला एवढा वेळ लागतो. तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री घरात आवाज चढलाच, तर मध्येच एक क्षण थांबून कान द्या. कॉटखाली, पडद्याआड, पांघरुणात कुणी बारीक आवाजात "बास" म्हणतंय का?